आखाताची नोकरी : करारनामा आधी, विमान नंतर

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्यांत, ज्या घरातला एकही माणूस कधी आखातात गेला नाही असे घर शोधावे लागते. पूर्वी इथली माणसे जहाजावर खलाशी म्हणून जात. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, सौदी अरेबिया, कुवेत, कतर, दुबई येथे रस्ते, बंदरे आणि इमारती उभ्या राहू लागल्या आणि कोकणची माणसे तिकडे वळली. मागाहून मुंबईचे शिंपी, जरीकाम करणारे, भिवंडी-मालेगावचे कारागीर, सुतार, वेल्डर, ड्रायव्हर, आचारी असे सर्वच त्या वाटेने गेले.

या माणसांच्या मेहनतीचा पैसा किती मोठा आहे ते आकड्यांनी पाहावे. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली परदेशातील भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. जगात कोणत्याही देशाला एवढी रक्कम आली नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ सालच्या पाहणीत या रकमेतला सुमारे ३८ टक्के वाटा आखाताच्या सहा देशांचा होता. आम्ही कापडाचे व्यापारी. ईदच्या आधी आणि लग्नसराईत आमच्या गल्ल्यात जो पैसा पडतो त्यात रियाल आणि दिरहॅमचा हिस्सा किती, हे आम्हाला कोणी सांगायला नको. ज्याच्या घामावर आमचे दुकान चालते त्याच्या हक्कांचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच या व्यापार-उद्योगाच्या पानावर आला पाहिजे.

सौद्यातली खोट कुठे आहे?

कापडाचे ठाण विकत घेताना आपण काय करतो? सूत पाहतो, पन्हा मोजतो, रंग चोळून पाहतो, दोन ठिकाणी भाव विचारतो आणि बिल घेतल्याशिवाय पैसे मोजत नाही. तोच माणूस आपल्या मुलाला परदेशी पाठवताना दीड लाख रुपये एजंटाच्या हातावर ठेवतो आणि साधी पावतीही मागत नाही. मागितली तर एजंट म्हणतो, "भाई, विश्वास नसेल तर राहू द्या, माझ्याकडे दहा माणसे रांगेत उभी आहेत." बाप गप्प बसतो.

एजंटही एकटा नसतो. गावातला दलाल तालुक्याच्या दलालाकडे नेतो, तो मुंबईच्या कचेरीत नेतो. मुंबईची कचेरी नोंदलेली असते किंवा नसते. प्रत्येक हात आपले दाम काढून घेतो. व्हिसा खरे तर मालकाकडून मोफत आलेला असतो, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचताना तो विकत घेतल्यासारखा महाग झालेला असतो. यातल्या गावच्या दलालाचे नाव कोणत्याही कागदावर नसते. उद्या काही बिघडले तर पकडायचे कोणाला?

आमच्या बाजारात शिवणकाम करणारा एक तरुण बुरख्याच्या कारखान्यात कारागीर म्हणून गेला. इथे त्याला दाखवलेल्या कागदावर १,५०० रियाल पगार होता. तिथे उतरल्यावर दुसरा कागद पुढे आला, अरबीतला, त्यात १,००० रियाल. सही कर, नाहीतर परत जा, असे सांगण्यात आले. परत कसा जाणार? मागे कर्ज उभे होते. त्याने सही केली. आमच्यासारखे उर्दू शाळेत शिकलेले लोक अरबी हरफ ओळखतात, आणि इथेच फसतात. हरफ वाचता येणे वेगळे आणि कायद्याचा मजकूर समजणे वेगळे. आखातातल्या न्यायालयात अरबी मजकूर हाच प्रमाण मानला जातो, ही गोष्ट प्रत्येकाने गाठीला बांधून ठेवावी.

हिशेब करून पाहा

आपण व्यापारी माणसे, तेव्हा वहीवर आकडे मांडूनच बोलू. समजा दीड लाख रुपये महिना तीन टक्के व्याजाने काढले. पगार हातात १,००० रियाल. त्यातून खाण्यापिण्याचे आणि फोनचे २५० रियाल वजा केले तर राहिले ७५०. रियालचा भाव ढोबळ २२ रुपये धरला तर १६,५०० रुपये झाले. घरी खर्चाला ८,००० द्यायचे. कर्जाकडे जायला उरले ८,५००. पहिल्या महिन्यात यातले ४,५०० रुपये नुसत्या व्याजात जातात. या चालीने कर्ज फिटायला पंचवीस-सव्वीस महिने लागतात. आणि करार असतो चोवीस महिन्यांचा! म्हणजे एकही महिना आजारी न पडता, एकही पगार न चुकता माणूस दोन वर्षे राबला, तरी करार संपताना तो थोडा देणेकरीच राहतो.

आता दुसरा हिशेब. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून घेता येणारी जास्तीत जास्त फी ३०,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जी.एस.टी. धरून ३५,४०० रुपये झाले. तेवढेच कर्ज त्याच व्याजाने काढले आणि महिन्याला तेच ८,५०० रुपये फेडले, तर पाच महिन्यांच्या आत माणूस मोकळा होतो. उरलेले एकोणीस महिने तो आपल्या घरासाठी कमावतो. एकाच नोकरीचे हे दोन हिशेब आहेत आणि त्यातला सगळा फरक मधल्या हातांनी नेला आहे. कर्जात बुडालेला माणूस पगार थकला तरी तक्रार करीत नाही, पासपोर्ट काढून घेतला तरी बोलत नाही. परदेशातली निम्मी लाचारी तो इथूनच सोबत घेऊन जातो.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात १९८३ सालचा एमिग्रेशन कायदा आहे. त्यापूर्वी इंग्रजांच्या काळातला १९२२ चा कायदा चालत होता. १९८३ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीचे प्रमाणपत्र असल्याशिवाय परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करता येत नाहीत. 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' नावाचा अधिकारी नेमलेला आहे आणि त्याची कचेरी मुंबईत आहे. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे ई.सी.आर.चा शिक्का असतो. असा माणूस आखाताचे सहा देश, मलेशिया, जॉर्डन, लेबनॉन, इराक वगैरे अठरा देशांपैकी कुठे नोकरीला निघाला तर त्याला या कचेरीची मंजुरी लागते. २०१४ पासून हे काम 'ई-मायग्रेट' या संगणक व्यवस्थेतून होते. एजंट नोंदलेला आहे की नाही, त्याचा परवाना चालू आहे की संपला, हे तिथे कोणालाही विनामूल्य पाहता येते. गावातल्या कुठल्याही कॉलेजच्या मुलाला सांगा, पाच मिनिटांत पाहून देईल.

बरेच जण या मंजुरीला कटकट समजतात. एजंट सांगतो, "व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ." हा सापळा आहे. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या माणसाचा करार कुठेही नोंदलेला नसतो. मालकाने हात वर केले की तो तिथल्या कायद्याच्या नजरेत कामगारच नसतो. सरकारदरबारी त्याची नोंद पर्यटक अशी असते.

मंजुरीबरोबर 'प्रवासी भारतीय बीमा योजना' सक्तीची आहे. २००३ साली ती सुरू झाली आणि पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आणि त्यावरचा कर, एवढाच हप्ता आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पण पॉलिसीचा कागद कामगाराच्या बॅगेत परदेशी जातो आणि घरी बायकोला किंवा बापाला असा विमा आहे हेच माहीत नसते. मग दावा कोण करणार? या कागदाची एक प्रत घरच्या कपाटात राहिलीच पाहिजे.

तिसरी सोय 'इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड' ही आहे. २००९ पासून आपल्या वकिलातींत हा निधी आहे. अडकलेल्या कामगाराला राहायला जागा, जेवण, परतीचे तिकीट, वकिलाची मदत, तातडीचा औषधोपचार आणि मयत मायदेशी पाठवण्याचा खर्च त्यातून करता येतो. वकिलातीच्या कामांवर जी जादा फी घेतली जाते त्यातून हा निधी उभा राहतो. म्हणजे तो आपल्याच माणसांचा पैसा आहे. तो मागायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

कायद्याची लंगडी बाजूही सांगितली पाहिजे. १९८३ च्या कायद्यात बेकायदा भरतीची शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड एवढीच आहे. एका माणसाकडून दीड लाख घेणाऱ्याला २,००० रुपये दंडाचा काय धाक वाटणार? नव्या कायद्याचा एक मसुदा २०२१ साली निघाला आणि दुसरा २०२५ साली. ज्यांची मुले जाणार आहेत त्या लोकांनी आणि त्यांच्या संघटनांनी असे मसुदे मागवून वाचावेत आणि दंडाच्या कलमावर बोट ठेवून लेखी सूचना पाठवाव्यात.

तिकडचे कायदे आणि कफील

आखातात परदेशी कामगार कफीलच्या नावावर येतो. कफील म्हणजे जामीन राहणारा मालक. जुन्या पद्धतीत नोकरी बदलायची तर कफीलची परवानगी, काही देशांत देश सोडायचा तरी त्याचीच परवानगी लागे. सौदीत कफीलने कामगार पळून गेल्याची नोंद केली, ज्याला तिथे 'हुरूब' म्हणतात, की तो माणूस रातोरात बेकायदा ठरे.

अलीकडे यात काही बदल झाले आहेत. कतरने २०२० साली नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट काढली आणि मार्च २०२१ पासून १,००० रियाल किमान वेतन लागू केले. जेवण आणि जागा मालक देत नसेल तर त्यासाठी ३०० आणि ५०० रियाल वेगळे द्यावे लागतात. सौदीनेही मार्च २०२१ पासून खाजगी कंपन्यांतील कामगारांना काही अटींवर नोकरी बदलण्याची मुभा दिली. मात्र घरकाम करणारे, घरचे ड्रायव्हर, माळी आणि मेंढपाळ त्या सुधारणेतून वगळले गेले. आपल्याकडून घरचा ड्रायव्हर म्हणून जाणारे खूप आहेत. त्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि कंपनीचा व्हिसा व घराचा व्हिसा यांतला फरक निघण्यापूर्वीच विचारून घ्यावा.

काही हक्क असे आहेत की ते कायद्यात स्वच्छ लिहिलेले असूनही आपली माणसे मागत नाहीत. सौदीच्या कायद्यात भरतीचा खर्च, इकामा आणि वर्क परमिटची फी आणि नोकरी संपल्यावर परतीचे तिकीट मालकाच्या अंगावर आहे. मालकाने नोकरी संपवली किंवा कराराची मुदत भरली तर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा आणि पुढे दर वर्षाला एका महिन्याचा पगार सेवा-समाप्तीची रक्कम म्हणून मिळतो. कामगाराने स्वतः राजीनामा दिला तर ही रक्कम कमी होते किंवा मिळतच नाही. म्हणून रागाच्या भरात राजीनाम्यावर सही करू नये. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला एकवीस दिवसांचा मूळ पगार आणि पुढे तीस दिवसांचा असा हिशेब आहे. इथे 'मूळ पगार' हा शब्द महत्त्वाचा. काही मालक मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवतात. दर महिन्याला रक्कम तीच दिसते, पण शेवटच्या हिशेबात मोठा खड्डा पडतो.

उन्हाळ्यातल्या दुपारचाही कायदा आहे. सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन या वेळात उघड्या उन्हात काम घेण्यास मनाई आहे. अमिरातीत हीच मनाई साडेबारा ते तीन आहे. कतरमध्ये ती १ जूनपासून लागते आणि सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत असते. मनाईच्या वेळेत काम करायला लावले तर ती तक्रारीची बाब आहे.

पासपोर्टबद्दल एक गोष्ट. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. अमिरातीच्या कायद्यातही मालकाने कामगाराची कागदपत्रे अडकवून ठेवण्यास बंदी आहे. मालक "सांभाळून ठेवतो" म्हणाला तरी ती मेहेरबानी समजू नये.

दोन घटना, दोन धडे

२०१६ साली तेलाचे भाव उतरले तेव्हा सौदीतली सौदी ओजर ही बडी बांधकाम कंपनी डबघाईला आली. हजारो भारतीय कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले, कॅम्पातले जेवण बंद पडले आणि जेद्दाच्या आपल्या वाणिज्य दूतावासाला शिधा वाटावा लागला. भारत सरकारने त्यांना परत आणण्याची तयारी केली, तरी कित्येक जण निघायला तयार नव्हते. रिकाम्या हाताने गेलो तर थकलेला पगार बुडाला, ही त्यांची भीती होती. ती भीती खोटी नव्हती. २०२० साली करोनाच्या काळातही अनेक जण शेवटचा पगार आणि सेवा-समाप्तीची रक्कम तशीच सोडून परतले. देश सोडण्यापूर्वी आपला दावा लेखी नोंदवावा आणि वकिलातीला किंवा विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र देऊन यावे, हा त्यातून घेण्याचा धडा आहे. नोंदलेला दावा उशिरा का होईना पुढे चालवता येतो.

दुसरी घटना १२ जून २०२४ ची. कुवेतमधल्या मंगाफ भागात कामगार राहत असलेल्या इमारतीला पहाटे आग लागली आणि झोपेत असलेली माणसे गुदमरली. मृतांत ४५ भारतीय होते. आपल्या हवाई दलाच्या विमानाने त्यांच्या मयती कोचीला आणाव्या लागल्या. नोकरीचा विचार करताना आपण पगार विचारतो, पण एका खोलीत किती जण, जिना मोकळा आहे का, हे कोणी विचारीत नाही. तिथे आधीपासून असलेल्या गाववाल्याला एक फोन केला तर एवढी माहिती मिळते.

दुसऱ्यांनी काय केले?

फिलिपाईन्स हा आपल्यापेक्षा पुष्कळ लहान देश. तिथले लाखो लोक परदेशी नोकरी करतात. त्यांनी १९९५ सालीच परदेशी कामगारांसाठी कायदा केला आणि त्यात एक कलम असे घातले की परदेशातल्या मालकाने पगार बुडवला तर मायदेशातला भरती एजंटही त्याच्या बरोबरीने जबाबदार. कामगार आपल्याच देशात एजंटावर दावा लावू शकतो. व्यापारात जामीन राहणाऱ्याची जी जबाबदारी, तीच ही. २०२१ साली त्यांनी या कामासाठी स्वतंत्र मंत्रालयाचाही कायदा केला. आपल्याकडे उलटे झाले. २००४ साली सुरू झालेले अनिवासी भारतीयांचे वेगळे खाते २०१६ साली परराष्ट्र मंत्रालयात विलीन करण्यात आले.

देशातल्या देशात केरळकडे पाहावे. त्यांनी १९९६ साली अनिवासी केरळीयांसाठी राज्य सरकारचे स्वतंत्र खाते काढले, पुढे 'नोर्का रूट्स' ही संस्था उभी केली आणि प्रवासी कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदाही केला. वर्गणी भरणाऱ्याला म्हातारपणी पेन्शन मिळते. भरतीचा मोठा बाजार मुंबईत आहे, तेव्हा महाराष्ट्रानेही याच धर्तीवर काम करावे, अशी मागणी कोकणच्या आमदारांकडे सर्व पक्षांतून गेली पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर १९९० रोजी स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबांच्या हक्कांचा करार मंजूर केला. तो २००३ साली अमलात आला. भारताने त्यावर सही केलेली नाही आणि आखाताच्या देशांनीही नाही. माणसे पाठवणारा आणि माणसे घेणारा, दोघेही बाहेर. म्हणून कामगाराचा खरा आधार त्याचा स्वतःचा करारनामाच उरतो.

निघण्यापूर्वी एवढे करा

एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासा. पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. करारनामा अरबी व इंग्रजी दोन्हींत मागा आणि समजणाऱ्याकडून वाचून घ्या. मूळ पगार, भत्ते, कामाचे तास, जादा तासांचा दर, सुट्टी, जागा, जेवण आणि परतीचे तिकीट या आठ गोष्टी त्यात आहेत की नाही ते पाहा. पासपोर्ट, व्हिसा, करारनामा आणि विम्याच्या प्रती घरी ठेवा. ज्या देशात जाणार तिथल्या भारतीय वकिलातीचा फोन नंबर पाठ करा, कारण मोबाईल हरवतो किंवा काढून घेतला जातो. तिथे पोचल्यावर पगार बँकेत जमा होतो ना, हे पहिल्याच महिन्यात पाहा. अमिरात, सौदी आणि कतर या तिन्ही देशांत बँकेतून पगार देण्याची व्यवस्था आहे. बँकेची नोंद हा असा साक्षीदार आहे जो कधी फिरत नाही.

आग्नेय आशियाकडे कॉम्प्युटरच्या नोकरीचे आमिष दाखवले जाते तेव्हा दुप्पट सावध राहा. थायलंडची नोकरी म्हणून नेलेल्या आपल्या मुलांना सरहद्दीपलीकडे म्यानमारमध्ये कोंडून फसवणुकीची कामे करायला लावल्याचे प्रकार २०२२ पासून उघड झाले आहेत.

शेवटचे काम आपल्या जमातींचे आणि आम्हा व्यापाऱ्यांचे. प्रत्येक गावच्या जमातीने एक वही ठेवावी. कोण कधी गेला, कोणत्या एजंटाकडून, कोणत्या मालकाकडे आणि किती पैसे देऊन, एवढे चार रकाने पुरेत. दोन वर्षांत कोणता दलाल फसवतो ते वहीच सांगेल. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी मिळून बिनव्याजी कर्जाचा छोटा निधी काढावा आणि अट एकच घालावी : नोंदणीकृत एजंट आणि पावती असेल तरच कर्ज. पस्तीस हजारांचे कर्ज पाच महिन्यांत परत येईल, तेच पैसे दुसऱ्या मुलाला देता येतील. आमच्या पेढ्यांवर यापेक्षा मोठ्या उधाऱ्या वर्षभर अडकून पडलेल्या असतात. आपल्या माणसासाठी एवढी रक्कम अडकवणे कोणत्याही बाजारपेठेला जड नाही.